तुझे आजोबा कुठले? ओव्हर

“गुडघा आहे तसाच आहे, डॉक्टर. आणि आणखी एक विचारायचं होतं. ओव्हर,” विल्फ समर्स रेडिओच्या माइकमध्ये म्हणाला.

समोर बसलेल्या बायकोने, नेटीने, हातानेच खुणावलं. नको, इथे नको.

पण विल्फने तीस वर्षं जे काही विचारलं, ते इथेच. डॉक्टर पोर्ट स्टॅन्लीत, मेंढपाळ चारी दिशांना. सकाळी डॉक्टरांच्या तासाला फॉकलंडमधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ लागलेला. कुणाला मूळव्याध, कुणाचे दिवस भरत आलेत, सगळ्यांना सगळं ठाऊक.

“लंडनला तो नागरिकत्वाचा नवा कायदा करताहेत. आम्ही दोघं स्कॉटलंडला, डंडीला राहायला जायचं म्हणतोय, नेटीच्या बहिणीकडे, जीनकडे. मला येऊ देतील ना? ओव्हर.”

घर मेंढ्यांच्या कंपनीचं. लोकरकातरणी संपली की विल्फ काम सोडणार, आणि घर नव्या मेंढपाळाला. इथले म्हातारे शेवटी ‘घरी’ जायचे. घरी म्हणजे विलायतेला. विल्फने ती पाहिलेली नव्हती.

“कौन्सिलचे साहेब इथेच बसलेत, त्यांना देतो,” डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी घसा खाकरला. “विल्फ, तुझे आजोबा कुठले? ओव्हर.”

“इथलेच. ओव्हर.”

“आईचे वडील? आज्या? ओव्हर.”

बाप इथे पुरलेला. बापाचा बाप इथे. त्याचाही बाप इथे. बोटीतून उतरलेला पहिला समर्स त्याच्याही मागचा. भिंतीवर राणी. पासपोर्टवर ब्रिटिश. मोजायचं मात्र आजोबांपर्यंतच.

“सगळी इथलीच. ओव्हर.”

“चौघांतलं एक तरी तिकडे जन्मलेलं लागतं. नेटीचे आजोबा ऑर्कनीचे, तिचं अडायचं नाही. तुझं... कायदा अजून व्हायचाय म्हणा. आम्ही पत्रं धाडतोय. ओव्हर.”

“विल्फ, मी आर्ची, पश्चिम बेटावरून. माझे दोन्ही आजे ग्लासगोचे. एक घेऊन जा तुला! प्यायला लागतं त्याला, तेवढं बघ. ओव्हर.”

मागून आर्चीच्या बायकोचा आवाज आला. “दात काय काढतोस? आपल्या पोरांचे आजे इथलेच आहेत.”

आर्चीने माइकचं बटण सोडलं.

विल्फ माइक हातात धरून बसून राहिला.

“सांगत होते, इथे विचारू नकोस,” नेटी म्हणाली. “सगळ्या बेटांना तमाशा.”

“तू जा. जीनने खोली रंगवून ठेवलीय. खिडकीतून नदी दिसते म्हणालीस.”

“दिसते.”

“मग जा. मी राहीन स्टॅन्लीत, कुणाच्या तरी मागच्या खोलीत.”

“आणि खाशील काय? साधं मटण करपवतोस.”

“करपलेलं खाईन. तुझी एकुलती एक बहीण आहे, नेटी.”

“माहीत आहे मला.”

तेव्हा विल्फचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. त्याने बटण सोडलं.

“विल्फ,” स्टॅन्लीहून रेडिओवाली मॉड हळूच म्हणाली, “दाबलेलंच होतं रे. ओव्हर.”

विल्फचे कान लाल झाले. नेटी उठली. तिने माइक त्याच्या हातातून घेतला. स्टॅन्लीत बिऱ्हाड करायचं तर माळावर पीट, म्हणजे जळणाची माती, कापायला जमिनीची आपली पट्टी लागते. हिवाळाभर चुलीत तीच जळते.

“मॉड, आमच्यासाठी पिटाची एक पट्टी सांगून ठेव. ओव्हर.”

“किती माणसांचं जळण? ओव्हर.”

“दोघांचं,” नेटी म्हणाली.

तिने माइक खाली ठेवला. मग दूरच्या कुठल्याशा कुरणावरून एका बाईने डॉक्टरांना दाढेचं विचारलं.