भुरीचा दुसरा गुडघा

प्राण्यांच्या दवाखान्यात, बोथट कात्र्यांच्या खणात तळाशी पडलेला मी एक जुना ताणमापक आहे, मित्रांनो. तळहाताएवढा जीव माझा. एक स्प्रिंग, एक तबकडी, एक काटा.

कुत्र्याच्या गुडघ्यातला हाडांना धरून ठेवणारा बंध तुटला की डॉक्टर बाहेरून जाड नायलॉनचा धागा ओवून गुडघा आवळतात. धागा सैल राहिला तर गुडघा डुगडुगतो, जास्त आवळला तर वाकत नाही. किती ताणायचा, ते मी सांगायचो. डॉक्टर नवखे होते तेव्हा त्यांनी स्वतः कानशीने माझ्या तबकडीवर तीन खाचा पाडल्या. लहान कुत्रा, मध्यम, मोठा. काटा खाचेवर पोचला की सिस्टर "आला" म्हणायच्या, तेव्हाच गाठ बसायची. कुत्री बागडत घरी गेली, नाव डॉक्टरांचं झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. धुऊन, वाफेतून काढून मला कोरड्या कापडात गुंडाळायचे, तेवढं पुरे होतं.

शिंपीणबाईंची कुत्री भुरी आली ती त्याच काळात. उजवा गुडघा. काटा मधल्या खाचेवर आला. तीन महिन्यांत भुरी मशीनखालच्या चिंध्या पळवायला लागली.

पुढे डॉक्टरांचा ऑपरेशनमधला हात बघायला दुसरे डॉक्टर येऊ लागले. त्यांच्यासमोर मला काढणं यांना कमीपणाचं वाटू लागलं. "आता बोटांनाच कळतं," असं सिस्टरना सांगून त्यांनी मला खणात टाकलं.

वर्षभराने भुरीचा डावा गुडघा गेला. सिस्टरनी न विचारता मला ट्रेमध्ये मांडलं. पाहुणे डॉक्टर टेबलाभोवती उभे होते. डॉक्टरांनी मला कोपराने बाजूला सारलं. माझ्या डोळ्यांदेखत धागा आवळला जात होता आणि माझा काटा शून्यावर होता.

तो पाय पुन्हा वाकला नाही. शिंपीणबाई भुरीला घेऊन आल्या, तेव्हा मी खणातून ऐकत होतो. डॉक्टर म्हणाले, वय झालंय तिचं.

"वय एकाच पायाला झालं का हो?" बाईंनी शांतपणे विचारलं. "मी दोन्ही बाह्या एकाच टेपने मापते, डॉक्टर."

डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या गेल्यावर खण उघडला. डॉक्टरांनी मला उचललं, सदऱ्याला पुसलं, मधल्या खाचेवरून अंगठा फिरवला. बाहेरून सिस्टरनी विचारलं, उद्या ऑपरेशन बघायला चौघं येणार आहेत, ट्रेमध्ये काय काय मांडू? डॉक्टरांनी माझ्या काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, नेहमीचंच. आणि मला पुन्हा कात्र्यांखाली ठेवलं.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. मी गंजलोय, पण माझा काटा अजून खरं सांगतो. हात कितीही सरावला तरी दुसऱ्या गुडघ्याला पहिल्याइतकंच मापा. ज्याचा पाय, त्याला तक्रार करता येत नाही.

भुरी अजून गोळ्यांसाठी येते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिची नखं वाजतात. तीन पायांची खट, खट, खट. आणि मागून एक पाय फरशीवर घासत येतो.