बोनेटवरचा हात

बिडकीनच्या अलीकडे, पैठण रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या मठासमोर त्या गुरुवारी सकाळी सत्तावीस वाहनं उभी होती. मी मोजली होती. ट्रॅक्टर, टेम्पो, शाळेची एक पिवळी गाडी आणि सगळ्यांच्या पुढे आमची जुनी पिकअप. ती सुरू होती आणि अंगात आल्यासारखी थडथडत होती. बोनेटवर ठेवलेलं लिंबू दोनदा घरंगळून खाली पडलं. दोन्ही वेळा गर्दीनं हात जोडले.

"बघा, लिंबू टाकून देतंय," बिघडलेल्या गाड्यांचा दोष काढणारे इंजिनमहाराज म्हणाले. "आतला राजी नाय."

सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. महाराजांनी तिकडे बोट दाखवलं. "धूर काळा आला तर दोष यंत्राचा. पांढरा आला तर आत्म्याचा. चार सिलिंडर, चार दिशा. तीन मोकळ्या हायेत. दक्षिणेला कोणतरी बसलंय."

गर्दीतल्या एकानं भीतभीत विचारलं, "पण महाराज, गाडी तर आडवी उभी हाय. दक्षिण कोणती धरायची?"

"इंजिनाची दक्षिण वेगळी असती," महाराज म्हणाले.

कुणी हसलं नाही. मीही हसले नाही. मी पंधरा वर्षं शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, गारखेड्यात राहते, आणि त्या दिवशी वडिलांच्या मागे हात जोडून उभी होते.

महाराजांचा नियम असा होता की गाडी बुधवारी संध्याकाळीच मठाच्या आवारात आणून उभी करायची. रात्रभर तिला मठाची माती लागली पाहिजे. गुरुवारी सकाळी ती सुरू करायची आणि जप, आरती, धूप सगळं होईपर्यंत बंद करायची नाही. महाराजांचा माणूस, कारभारी, तेवढ्यासाठीच चावीजवळ उभा असे. आरती संपली. महाराज डोळे मिटून पुढे झाले आणि त्यांनी बोनेटवर उजवा हात ठेवला. काही क्षणांत इंजिनचा आवाज सरळ झाला. थडथड थांबली. धूर विरला.

"गेला," महाराज म्हणाले.

गर्दीतून जयजयकार झाला. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्यांत पाणी आलं.

मी घड्याळ पाहिलं. इंजिन सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. मग काचेतून आतला तापमानाचा काटा पाहिला. तो मध्यावर आला होता. मला संशय आला, असं लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. पण संशय नव्हता. मला तिथंच कळलं होतं. गार असताना अडखळणारं इंजिन गरम झाल्यावर सावरलं होतं, आणि हात त्यानंतर ठेवला गेला होता.

मी बोलले नाही. आबांचं, सूर्यभान नावाच्या त्या ताठ म्हाताऱ्याचं, वर्षभरात पहिल्यांदा मन हलकं झालेलं दिसत होतं. त्यांना गर्दीत खोटं पाडायचं? "शिकली म्हणून बापाला शहाणपण शिकवती," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते टाळण्यासाठी मी बरंच काही गिळते. तेही गिळलं.

कारभाऱ्यानं तीर्थाचा कॅन दिला. रोज सकाळी अर्धा पेला डिझेलच्या टाकीत ओतायचा. आबांनी कॅन माझ्याकडे दिला, म्हणून पहिला पेला मीच ओतला. पाणी डिझेलमध्ये मिसळत नाही, तळाशी बसतं, हे मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना काचेच्या नळीत दाखवते. अर्ध्या पेल्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणाले.

पिकअप माझ्या भावाची, अजिनाथची. आमच्या आणि भावकीतल्या मेंढ्यांचं लेंडीखत पैठणकडच्या मोसंबीच्या बागांना पोचवायचं, हा त्याचा धंदा. गेल्या वर्षी त्याच्या पाठीचा मणका सरकला. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा त्याची बायको अक्षदा गाडी शिकली. तीन महिन्यांत परवाना काढला आणि चौदा महिने एकटीनं खेपा केल्या. बागवाले आधी तिच्याकडे बघत राहायचे, नंतर खत कधी मिळेल ते तिलाच विचारू लागले. घर तिच्या हातावर चाललं होतं.

सकाळी गार गाडी पुन्हा थडथडायची, म्हणून दर गुरुवारी ती मठात न्यायचं ठरलं. तिसऱ्या गुरुवारी आरती झाली, हात ठेवून झाला, तरी गाडी थडथडतच राहिली. महाराजांनी पुन्हा हात ठेवला. लिंबू पुन्हा पडलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. महाराज आमच्याकडे वळले.

"गाडी कोण चालवतं?"

आबा खाली बघत राहिले. महाराज मला म्हणाले, "तुमी शिकलेल्या दिसता. खोटं बोलनार नाय. तुमी सांगा."

"अक्षदा चालवते," मी म्हणाले.

"झालं तर मग. मी काढतो आन् ही पुन्हा बसवती. गाडीला बाईचा हात सोसत नाय. चावी काढून घ्या."

सगळ्यांच्या नजरा आमच्या मागे उभ्या असलेल्या अक्षदावर गेल्या. सुनेकडे हात पसरणं आबांना जमेना. "ताई, तू घे," ते मला म्हणाले. मी हात पुढे केला. अक्षदानं माझ्याकडे नीट बघितलं. ती वाट बघत होती, हे मला आता कळतं. मग तिनं चावी माझ्या तळहातावर ठेवली.

"तुमी म्हनता तर घ्या, ताई."

त्यानंतरच्या सोमवारी कॉलेजात तास चालू असताना चांदपाशाचाचांचा फोन आला. बिडकीनला त्यांचं गॅरेज आहे आणि आमच्या घरी त्यांचं वीस वर्षांचं येणंजाणं.

"मॅडम, अजिनाथ गाडी लेके निकला था. कमरेला पट्टा बांधून. रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पडली. मागचा ट्रक चार हातांवर थांबला. दोघांनी धरून उतरवलाय त्याला, खडा नहीं हो सकता."

मी पोचले तेव्हा अजिनाथला दवाखान्यात नेलं होतं आणि आबा त्याच्यासोबत गेले होते. गाडी गॅरेजात होती. अक्षदा मान खाली घालून टायरवर बसली होती.

चाचांनी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून खाली काचेची बरणी धरली. बरणीत दोन थर झाले. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी. पाण्यात तुळशीच्या पानांचा चुरा तरंगत होता.

"ये पानी किसने डाला?"

"मी," मी म्हणाले.

चाचांनी बरणीचं झाकण लावलं आणि ती बाजूला ठेवली.

टाकीतलं पाणी काढून, फिल्टर बदलून त्यांनी गार इंजिन सुरू केलं. ते अजूनही अडखळत होतं. "आता बघा," चाचा म्हणाले. "हात लांब ठेवा, ह्या नळ्यांत लई दाब असतो." चार सिलिंडरांना डिझेल नेणाऱ्या चार बारीक नळ्या. पहिल्या नळीचा नट त्यांनी फडकं धरून अर्धा आटा सैल केला. इंजिन आणखी दबलं. नट पुन्हा आवळला. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याचा नट सैल केला, तर आवाजात काडीचा फरक पडला नाही.

"जो काम ही नहीं करता, उसके जाने से क्या फरक पडेगा?" चाचा हसले. "ही तुमच्या महाराजांची दक्षिण."

इंजिन थांबवून त्यांनी सिलिंडरात डिझेल फवारणारी चारही नोजलं काढली आणि एकेक हातपंपावर लावून दाबलं. तीन नोजलांतून धुकं निघालं. तिसऱ्या नळीचं थेंब थेंब गळत राहिलं. झीज झाली होती, एवढंच. धुकं गार इंजिनातही पेटतं. मोठा थेंब पेटत नाही, तो तसाच पांढरा धूर होऊन बाहेर पडतो. इंजिन तापलं की थेंबाचीही वाफ होते, मग तोही जळतो आणि गाडी शांत होते. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवायची. म्हणून लांब आरती. तिसऱ्या गुरुवारी आरतीनंतरही ती सावरली नव्हती, ते टाकीतल्या पाण्यानं.

"त्याला हे माहीत असेल?" मी विचारलं.

"मॅडम, तो आधी शहरात पंप-नोजलचंच काम करायचा. हात अच्छा था उसका." चाचांनी नोजल पुसलं. "नवीन टाकतो, शाम तक होऊन जाईल."

"नका. हेच परत बसवा. गुरुवारपर्यंत राहू द्या."

"बीमार गाडी लेके जाओगे?"

"हो."

अक्षदानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

बुधवारी संध्याकाळी चाचांनीच गाडी मठात नेऊन उभी केली. गुरुवारी सकाळी कारभाऱ्यानं इंजिन सुरू केलं. थडथड, पांढरा धूर, पडलेलं लिंबू. महाराज पुढे आले तेव्हा मी वाटेत उभी राहिले.

"महाराज, आज आरती नको. हातही नको. नुसतं थांबू."

"देवाची परीक्षा घेता व्हय?"

"नाही. इंजिनाची."

मागून गोजरबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "ओ बाई, परीक्षा तुमच्या कालिजात घ्या. माझा टॅक्टर खोळंबलाय." लोक हसले. कारभाऱ्यानं टाळ वाजवायला सुरुवात केली. तेव्हा आबा उठले. मी त्यांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं.

"टाळ ठेव खाली," आबा म्हणाले. "माझं पोरगं आंथरुणात पडलंय. आज कोनी हात लावायचा नाय."

आम्ही थांबलो. पंचवीस मिनिटं मुकाट्यानं थांबणं गर्दीला फार जड जातं. लोक पांगले, पुन्हा जमले. कुणी बिड्या पेटवल्या. अठराव्या मिनिटाला धूर पातळ झाला. चोविसाव्याला थडथड थांबली. बोनेटवर ना लिंबू होतं, ना हात.

महाराज लगेच म्हणाले, "मागल्या गुरुवारचं पुण्य आज फळलं."

"मग उद्या सकाळी गार गाडी पुन्हा सुरू करू," चांदपाशाचाचा म्हणाले. "पुण्य रात्रीतून उतरतं का ते बघू."

गोजरबाईनं महाराजांकडे बघितलं. "मग माझ्या टॅक्टरवर इतकी लिंबं कशापायी कापली?"

या वेळी लोक हसले ते महाराजांना. मी तिसऱ्या नळीकडे बोट करून सगळं सांगितलं: थेंब, धुकं, गार आणि गरम. गॅरेजातून आणलेली बरणी वर धरून पाणी दाखवलं. तीर्थ तुम्ही श्रद्धेनं घ्या, पण टाकीत ओतू नका, ते तिथं नोजलं गंजवतं, असंही म्हणाले. लोक जवळ येऊन बघत होते. मला वाटलं, झालं. मी माझं काम केलं.

मग अक्षदानं सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, हे तुमाला कवा कळलं?"

मी बरणी खाली ठेवली. "पहिल्या गुरुवारी."

"मी गाडी चालवत व्हते तवाच?"

"हो."

"आन् तरी तुमी हात पुढं केला."

"हो."

तिनं मान हलवली, जणू एखाद्या खेपेचा हिशोब जुळला. आबांनी इंजिन बंद करून काढलेली चावी घेतली, गाडीत बसली आणि चाचांना म्हणाली, "चला चाचा, नवं नोजल बसवू. दोन बागा वाट बघतेत." ती मला गाडीत बस म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. रस्त्यावर येऊन बसची वाट बघत उभी राहिले.

महाराजांनी लबाडी केली. तो त्यांचा धंदाच होता. पण माझ्या घरात ती माझ्या गप्प बसण्यानं शिरली. गर्दीला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. चमत्कार तपासायला मोठी विद्या लागत नाही. हात लावू देऊ नका, थांबा, आणि काय होतं ते बघा. ज्यांना आधीच कळलेलं आहे त्यांनी, वडील समोर असोत, गर्दी असो की देव्हारा, ते पहिल्याच दिवशी मोठ्यानं बोलावं. उशिरा सांगितलेलं खरं खरंच असतं, पण तोवर त्याची किंमत आपण सोडून दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते. माझ्या घरी ती अक्षदानं आणि अजिनाथच्या पाठीनं मोजली.