सलामाला उत्तर

माझा भाऊ अत्ताहेर गातो झकास, पण अक्कल बेताचीच. साथीदारांना घेऊन तो पार बर्फाच्या देशात गेला आणि तिथे त्यांनी अल्बम केला. शेवटचं गाणं संपता संपता हा शहाणा गिटार थांबवून थेट आईशीच बोलू लागतो. आमच्यात सलाम एका दमात उरकत नाही. एक विचारायचं, 'खैर', म्हणजे सगळं ठीक, असं उत्तर ऐकायचं, मग पुढचं. अत्ताहेरने प्रत्येक प्रश्नानंतर आईच्या उत्तरापुरती जागा सोडलीय.

मिठाच्या ट्रकवाल्यांनी ती गाणी या फोनातून त्या फोनात करत वाळवंटातल्या आमच्या किदालपर्यंत पोचवली. तोवर इथे हत्यारबंदांचा अंमल बसला होता. गाणं हराम. विहिरीपलीकडे एकाकडे वाद्य सापडलं, तर त्याचा तंबू जाळून त्याला ते घेऊन गेले. पुढे पत्ता नाही. अत्ताहेरची जुनी गिटार आईच्या पलंगाखाली होती. आईला मी अल्बम ऐकवलाच नाही. लेकाचा आवाज ऐकला असता तर ती सगळ्या वस्तीला सांगत सुटली असती.

काल दुपारी सिदालमीन आला, मागे दोघे बंदूकवाले. आमच्या शेळ्यांच्या दुधावर वाढलेला हा, आता आम्हालाच धर्म शिकवतो.

"मावशी, अत्ताहेरची गिटार कुठाय?"

"नेली त्याने सोबत," मीच घाईने म्हणाले.

"तुला विचारलं का, राइशा?"

"आईला दिसत नाही, तिला कशाला छळतोस? चहा घे आणि चालू लाग."

तो हसला. खिशातून फोन काढून त्याने तो आईच्या मांडीवर ठेवला. शेवटचं गाणं लावलेलं, तेही शेवटाकडून. पुढचा प्रत्येक प्रश्न मला पाठ होता.

"आई, बरी आहेस ना?" अत्ताहेरने विचारलं.

आईचं तोंड उघडंच राहिलं. मग सवयीने उत्तर आलं, "खैर आहे, बाळा."

"ऊन फार आहे का?"

"खैर आहे."

"शेळ्या?"

"खैर. दोन व्यायल्या."

ती रडत होती, पण एकही उत्तर चुकत नव्हती. आता एकच प्रश्न उरला होता. मी उकळती किटली पायावर पाडून घेतली आणि जीव खाऊन ओरडले. खरंच भाजलं होतं. एका बंदूकवाल्याने माझ्या तोंडावर हात दाबला.

"आणि ती कशी आहे?" भावाचा आवाज आला.

मी आईकडे बघून जोरजोरात मान हलवत होते. कुणासाठी, देव जाणे.

"तीही खैर आहे रे," आई म्हणाली. "माझ्याच खाली निजते. शुक्रवारी काढून धूळ पुसते तिची. तू ये लवकर."

सिदालमीनने फोन बंद केला आणि पलंगाशी गुडघे टेकून आत हात घातला. आई तिच्या अंधारात हात फिरवत त्याचा फोन चाचपत होती.

"अरे, बंद का केलास?" ती म्हणाली. "त्याचा निरोप घ्यायचा राहिलाय."