एक मॅकरोनी, माझ्यापुरती

गुरुवारी निशिगंधाच्या हातात बढतीची ऑर्डर पडली. डेअरीत दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर ती आता तिथली प्रमुख झाली होती. घरी येऊन तिनं नवऱ्याला, अमरसिंहला सांगितलं, तर तो खुर्चीतून उठलाच.

"भारी काम झालं! बोल, काय पायजे तुला?"

असं तिला कुणी सहसा विचारत नसे. पण उत्तर तयार होतं.

"शनिवारी डॅफोडिलला जाऊ. तू, मी आणि आपली ईश्वरी. तिघंच. आणि मला एक बेक्ड मॅकरोनी खायचीय. अख्खी. माझी मी."

"एवढंच होय?" अमरसिंह हसला. "जाऊ की."

डॅफोडिल हे कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातलं जुनं हॉटेल. तांबड्या रेक्झिनचे सोफे, ग्लासात पंख्यासारखे खोचलेले कागदी नॅपकिन, एका भिंतीला माशांची टाकी. गल्लोगल्ली तांबडा-पांढरा रस्सा मिळणाऱ्या गावात हे हॉटेल मात्र पहिल्यापासून टोमॅटो सूप, कटलेट, रशियन सॅलड आणि पांढऱ्या सॉसवर चीज घालून भाजलेल्या डिश यांच्यावर टिकून होतं. निशिगंधा गडहिंग्लजहून कॉलेजला आली आणि हॉस्टेलवर राहिली, तेव्हा कुणाचा वाढदिवस असला की चार मैत्रिणी इथं यायच्या. एक मॅकरोनी, चार चमचे. वरचं तांबूस चीज मोडलं की आतून वाफ यायची, अननसाचा एखादा तुकडा हाती लागायचा, आणि बघता बघता भांड्याचा तळ दिसायचा. कडेचं करपलेलं कुणी खरवडायचं यावरून भांडणं व्हायची. नोकरी लागली की एक अख्खी खायची, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

नोकरी लागली आणि त्याच वर्षी लग्नही झालं. त्यानंतर ती डॅफोडिलला आली, पण दर वेळी थोरल्या दिरासोबत. विजयसिंह कुरुंदवाडला असायचा. ऊस, ट्रॅक्टर, दोन्ही टायमाला माणसांनी भरलेलं घर. मनानं वाईट नव्हता; कुणाच्या दवाखान्याला रात्री-अपरात्री गाडी काढणारा माणूस. पण हॉटेलात शिरला की तो पंगतीचा यजमान व्हायचा. कुणी काय खायचं ते तोच ठरवणार, आणि आलेली प्रत्येक डिश मधोमध ठेवून तोच सगळ्यांना वाढणार. निशिगंधाच्या वाट्याला मॅकरोनी यायची ती दोन चमचे.

शनिवारी संध्याकाळी तिनं ठेवणीतली साडी नेसली. डॅफोडिलच्या दारात गाडी लावल्यावर अमरसिंह किल्ली चाळवत म्हणाला, "जरा थांबाय लागंल. दादा यायलाय."

"कोण?"

"दादा. आणि वहिनी, पोरं. आक्का बी हाय. आता एवढी चांगली बातमी, भावाला सांगायची न्हाय व्हय? मी फकस्त सांगितलं. तोच म्हणाला, येतोच आम्ही."

"तिघंच म्हणालतो की मी!"

"मग मी काय करू? येऊ नगं म्हणू?"

निशिगंधा गाडीतून उतरली. बोलून उपयोग नव्हता, कारण 'येऊ नको' हे शब्द अमरसिंहच्या तोंडून भावासाठी कधीच निघाले नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तासभर थांबल्यावर मंडळी आली. पुढं विजयसिंह, मागं त्याची बायको वैजयंता, दोन पोरं, आणि पदर सावरत सासूबाई. त्यांना घरात सगळीच आक्का म्हणायची. त्यांच्या मागं आणखी एक अनोळखी गृहस्थ.

"ह्यो जोतीराम," विजयसिंह म्हणाला. "खताचं दुकान हाय ह्याचं. वाटेत भेटला, म्हटलं चल, आमच्या सूनबाई सायेब झाल्यात, जेवायला."

जोतीरामनं संकोचून नमस्कार केला. निशिगंधानंही केला. त्याचा तरी काय दोष होता?

दोन टेबलं जोडली. वेटर सगळ्यांपुढं मेनूकार्डं ठेवू लागला, तोच विजयसिंहनं ती गोळा करून त्याच्या हातात परत दिली.

"ती ऱ्हाऊ द्या. रस्सा काय काय हाय?"

"रस्सा नसतो साहेब आपल्याकडं. कॉन्टिनेंटल—"

"कोल्हापुरात हॉटेल आणि रस्सा न्हाय? बरं. कोंबडीचं काय हाय ते चार आणा. मासं दोन. ते धूर येत येत आणताय ते दोन. मधी ठेवा सगळं, आम्ही वाढून घेतो."

"आणि मला एक बेक्ड मॅकरोनी," निशिगंधा घाईनं म्हणाली. "माझ्यापुरती."

"एक कशाला? दोन आणा," विजयसिंह म्हणाला. "सगळीच खाऊ की. घरच्या माणसांत आपल्यापुरतं काय असतंय?"

तिनं अमरसिंहकडं पाहिलं. तो नॅपकिनाची घडी उलगडत होता.

मॅकरोनी आली ती विजयसिंहपुढंच ठेवली गेली. वरचं चीज तांबूस, कडेनं सॉस अजून खदखदत होता. विजयसिंहनं चमचा खुपसला आणि पहिलं जोतीरामच्या पानात वाढलं, पावणा म्हणून. मग पोरांना. पोरांनी अननस वेचून बाजूला काढला. मग वैजयंताला, अमरसिंहला, ईश्वरीला. मग स्वतः एक घास खाऊन त्यानं तोंड वाकडं केलं.

"ह्याला चवच न्हाय की! आजाऱ्याचं जेवण." त्यानं टोमॅटो सॉसची बाटली उचलली, चिली सॉसची उचलली, आणि दोन्ही भांड्यांत उरलेल्यावर उपडी केली. नीट कालवलं. "आता बघा."

तो लालभडक लगदा चमचाभर निशिगंधाच्या पानात पडला. ती त्याच्याकडं बघत राहिली.

तेवढ्यात विजयसिंह पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिला. "जोतीराम, तुला सांगतो, लोक काय काय बोलत होती तवा. शेतकऱ्याच्या घरातली सून, दुधाच्या बाटल्या हलवाय कशाला जातीया? पण आम्ही करू दिली नोकरी. मी म्हटलं अमऱ्याला, करू दे तिला. म्हणून आज ह्यो दिवस."

वैजयंतानं मान डोलावली. जोतीराम म्हणाला, "मोठं मन लागतंय."

निशिगंधा उठली. हात धुवायला चालली असेल असं सगळ्यांना वाटलं. ती माशांच्या टाकीशेजारी गेली. तिथं दोघांचं एक टेबल रिकामं होतं. तिथं ती बसली आणि वेटरला हात केला.

"मॅडम, इथं?"

"इथंच. एक बेक्ड मॅकरोनी. आणि एक चमचा."

वेटरनं मोठ्या टेबलाकडं पाहिलं.

"तिकडं बघू नका," निशिगंधा म्हणाली. "मी सांगतो न्हवं तुम्हाला?"

"तसं न्हाय मॅडम. भाजायला वेळ लागतो. अर्धा तास तरी."

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. रागानं उठायला क्षण पुरतो, पण उठल्यावर अर्धा तास रिकाम्या टेबलावर सगळ्यांच्या नजरेसमोर बसून राहायचं, हे अवघड होतं. पण आता परत जाणं त्याहून अवघड.

"थांबतो मी," ती म्हणाली.

मग एकेक जण येऊ लागला. पहिल्यांदा ईश्वरी आली. "आई, तू इथं का बसलीस? आपलं टेबल तिकडं आहे."

"मला मॅकरोनी खायचीय."

"तिकडं आहे की."

"ती न्हाय."

ईश्वरीनं थोडा वेळ मासे पाहिले आणि ती परत गेली. मग अमरसिंह आला, खुर्चीवर न बसता वाकून कुजबुजला.

"काय चालवलंयस हे? माणसं बघायलेत."

"बघू देत."

"दादाला काय वाटंल?"

"मला काय वाटायलंय ते विचार की एकदा! गुरुवारपासून सांगायलोय तुला."

"घरी बोलू," तो म्हणाला.

"घरी बोललोच होतो."

तो गेला आणि वैजयंता आली. तिनं निशिगंधाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बाई. असं करू नये. पावण्यासमोर बरं दिसतंय का?"

"वहिनी, तुम्हाला तरी आवडलं का जेवण?"

वैजयंतानं खांद्यावरचा हात काढून घेतला. "आपलं काय, जे असंल ते खायचं," ती म्हणाली आणि निघून गेली.

शेवटी विजयसिंहचाच आवाज आला, सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असा. "ए भाऊ! सूनबाईंना ते पांढरं पायजे हाय! आणखी चार आणा. सगळ्यांस्नी!"

निशिगंधानं डोळे मिटले. मग उघडून वेटरला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "फक्त एक. दुसरी किचनमधून बाहेर आली तर मी मालकांना भेटणार."

वेटर बिचारा दोन टेबलांच्या मधे उभा राहिला. मग आत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

मॅकरोनी आली. एकच. निशिगंधानं मोठ्या टेबलाकडं पाठ केली आणि चीज मोडलं. पहिल्या घासाला जीभ पोळली. दुसरा फुंकून खाल्ला. पांढरा सॉस तोच, गोडसर, मिरपुडीचा. अननस जरा जास्तच गोड वाटला. पण छान होतं. कुणी मधे चमचा घालत नव्हतं. तिनं सावकाश खाल्लं, एका कडेनं आत येत येत, आणि अर्ध्यात आल्यावर तिचं पोट भरलं.

ती भांड्याकडं बघत बसली. चार पोरींनी मिळून संपवायची ती ही डिश. एकटीला ती जाणार नाही, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता हे अर्धं टाकून उठावं, तर विजयसिंह जन्मभर ऐकवणार. तिला स्वतःचाच संताप आला. तिनं आणखी एक घास कसाबसा गिळला.

तेवढ्यात समोरची खुर्ची सरकली. आक्का येऊन बसल्या होत्या.

आता आक्का बोलणार, असं धरून निशिगंधा सरळ बसली. आक्कांनी भांड्यात डोकावून पाहिलं.

"हे काय, अननस? जेवणात?"

"व्हय. खाता का? मला संपत न्हाय."

"तुझं उरलेलं कशापायी खाऊ? मला दुसरं काय मिळतंय का बघ. भूक लागलीया."

"म्हणजे? तिकडं जेवला न्हाय?"

"आज शनिवार हाय," आक्का म्हणाल्या. "विजयनं कोंबडीचा तुकडा घातला पानात. मी शनिवारी कधी खातो का? तो बाजूला काढला, तर मासा घातला. ते लाल केलेलं खावं, तर त्यात बी कोंबडीतलाच चमचा. नुसतं पाणी पिऊन बसलोय मी."

निशिगंधानं चमचा खाली ठेवला. आक्कांचा शनिवार तिलाही ठाऊक होता. मोठ्या टेबलावर त्यांच्या समोरच तर ती इतका वेळ बसली होती. पण तिचं सगळं लक्ष आपल्याच पानात. तिनं वेटरला हाक मारली, मेनूकार्ड मागून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवू लागली. आक्का प्रत्येक नावाला "म्हंजे काय?" विचारत होत्या. सूप म्हणजे पाणीच की, म्हणाल्या. सॅलड म्हणजे कच्चं, नको. चीज टोस्टपाशी त्या थांबल्या.

"पाव भाजून देतोय न्हवं? मग तेच आण म्हणावं. वर हिरवी मिरची घालाय सांग."

टोस्ट आला. आक्कांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "मीठ न्हाय," त्या म्हणाल्या, मीठदाणी खडखडा हलवली आणि सगळी बशी खाल्ली.

मोठ्या टेबलावरून विजयसिंह उठून आला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "आक्का, उपाशी होतीस तर सांगायचं न्हवं का?"

"तू इचारलास कुठं?" आक्का म्हणाल्या आणि ओठ पुसले.

 निशिगंधाकडं बघणं त्यानं टाळलं. "आता गाडी काढतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

घरी परतताना अमरसिंह आणि निशिगंधा चांगलेच भांडले. सगळ्यांसमोर शोभा केलीस, असं त्याचं म्हणणं. दोन चमचे नेहमीचेच, आणि एक शब्द भावाला तुझ्याच्यानं बोलवत न्हाय, असं तिचं. ईश्वरी मागच्या सीटवर झोपून गेली. शेवटी अमरसिंह चिडून म्हणाला, "मला तरी कुठं पोटभर मिळालं? ते धूर येणारं मला पायजे होतं. दादानं नुसता भात वाढला."

"मग मागायचं की!" निशिगंधा ओरडली. तिला हसावं की रडावं कळेना.

विजयसिंहनं महिनाभर फोन केला नाही. मग ट्रॅक्टरचा कसला तरी पार्ट घ्यायला तो कोल्हापूरला आला. बरोबर आक्का होत्या. काही झालंच नाही अशा आवाजात त्यानं सगळ्यांना डॅफोडिलला बोलावलं. या वेळी त्यानं मेनूकार्डं परत दिली नाहीत. एकेकाला वाटली, वेटरला शेजारी उभा केला आणि म्हणाला, "हं. आता ज्यानं त्यानं सांगायचं. अमऱ्या?"

"सिझलर," अमरसिंह म्हणाला.

"तुला पित्त हाय. ते नगं. दुसरं सांग."

निशिगंधानं कपाळाला हात लावला. आपली पाळी आल्यावर ती म्हणाली, "मला टोमॅटो सूप."

"सूप? सूप प्यायला आलो व्हय इतक्या लांब?" विजयसिंह म्हणाला. पण मग त्यानं स्वतःच मान हलवली आणि वेटरकडं वळला. "बरं. भाऊ, सूप आणा. सगळ्यांस्नी."

"मला नगं," आक्का म्हणाल्या.

विजयसिंहनं आईकडं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं.

"एक कमी आणा," तो वेटरला म्हणाला.