ढगातला नान

"बाई, फुगला का हो?"

"झाकण उघडू नका, ऊब निसटते," सायरागुल पोरांना म्हणाली आणि आभाळाकडे बघून मनातून हादरली. उंच पठारावरच्या मुर्गाब गावात ढगाळ दिवस वर्षातून मोजके. त्यातला एक नेमका आज उजाडला होता.

चौथीच्या पोरांनी महिनाभर खपून उन्हावर नान भाजायची ती पेटी केली होती. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा, चॉकलेटच्या चांद्या, मोडक्या खिडकीची काच, फटींमध्ये ठासलेली लोकर. तेरेस्केनची झुडपं उपटून उपटून भोवतालचे डोंगर बोडके झाले होते. सरपणासाठी पोरांचे बाप ट्रकने दोन-दोन दिवस लांब जात. ऊन मात्र दारात आणि फुकट. ती पेटी बघायला एक वाजता जिल्ह्याचे पाहुणे येणार होते, आणि आतली कणीक पांढरीफटक पडून होती.

सायरागुलने पोरांना गाण्याच्या रांगेत पिटाळलं. कच्ची कणीक पिशवीत दडवली आणि 'असावा जवळ' म्हणून सकाळी घरच्या चुलीवर भाजून त्याच पिशवीतून आणलेला नान पेटीत सरकवला.

पाहुण्यांनी तो मोडला. "ढगातसुद्धा भाजतो?"

"भाजतो तर! खोटं बोलत असेन तर नान मला मारो," ती बोलून गेली. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणारे त्या गावात निघतील, नानाची खोटी शपथ कुणी घेत नाही. टाळ्या पडल्या. प्रशस्तिपत्रक वर्गाच्या भिंतीवर लागलं.

पंधरा दिवसांनी शाळा सुटल्यावर वर्गातली नुरझात मागे रेंगाळली.

"बाई, मी घरी पेटी केली. आईला म्हटलं, आता बाबांना सरपणाला धाडू नकोस. पण काल ढग आले. दिवसभर ठेवली तरी कणीक तशीच, वर आंबली. आई म्हणाली, पीठ मातीत घातलंस." तिने दोन्ही तळवे पुढे केले. "माझ्या हातालाच गुण नाही का हो? तुमचा तर ढगात भाजला."

आपलं पाप या पोरीच्या इवल्या हातांवर जाऊन बसलं, याची सायरागुलला भयंकर लाज वाटली.

"तुझे हात चांगले आहेत गं. ढगात नाहीच भाजत. तो नान माझ्या चुलीवरचा होता."

नुरझातने तळवे मागे घेतले. "पण तुम्ही नानाची शपथ घेतली होती, बाई."

दुसऱ्या दिवशी सायरागुलने सगळ्या वर्गाला खरं सांगितलं आणि प्रशस्तिपत्रक उतरवलं. मग लख्ख उन्हाचा दिवस बघून पेटी पुन्हा अंगणात मांडली.

"जा गं, खेळून ये जरा," ती नुरझातला म्हणाली.

"नको. मी इथंच बसते."

तीन तास पोर हलली नाही. पेटी उन्हाकडे वळवायला सायरागुल वाकली की ती बाईंच्या हातांकडे टक लावून बघे.

नान भाजला. वरून खरपूस, खालून जरासा कच्चा. नुरझातने पहिला तुकडा मोडला आणि वडीलधाऱ्यांना देतात तसा दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. सायरागुलने तो घेतला. शेजारी बाकावर तिची पिशवी पडली होती. सकाळीच, कुणी न सांगता, तिने ती सगळ्यांसमोर झटकून, रिकामी दिसेल अशी उलटी करून ठेवली होती.