ओट्यावरचं पातेलं

येळवशीच्या भज्जीत घरचे वाटाणे असावेत, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या उमरग्याकडची माणसं घरादारासकट शेतात जातात, तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी खातात, वर आंबील पितात आणि तिथंच आडवी होतात. आम्हाला शेत नाही. घरामागं परस आहे. त्यात एक बेलाचं झाड, कोथिंबिरीचा वाफा आणि पाण्याची टाकी. दरवर्षी आम्ही बाजारातून शेंगा आणतो, परसात सतरंजी टाकतो आणि शेतात आल्याचा चेहरा करतो.

यंदा दिवाळी उरकल्यावर मी खतं-बियाण्यांच्या दुकानातून वाटाण्याच्या बियांचं पाकीट आणलं. बी गुलाबी होतं. पेढेवाल्याच्या दुकानातल्या बडीशेपेच्या गोळ्यांसारखं. मोबाइलवर एक गृहस्थ सांगत होते की बी रात्रभर भिजवलं की लवकर उगवतं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. कुणी आत्मविश्वासानं बोललं की मला ते पटतं. रात्री पातेल्यात बी भिजवलं, वर ताटली ठेवली आणि थंडी लागू नये म्हणून पातेलं स्वयंपाकघराच्या ओट्यावर खिडकीकडं ठेवलं.

त्याच संध्याकाळी बसवकल्याणहून बंडप्पा मुक्कामाला आले होते. त्यांचा मुलगा उत्कर्ष आणि माझी मुलगी इरा पुण्यात एकाच कंपनीत आहेत आणि दोघांनी आपापलं ठरवून टाकलेलं आहे. होकार द्यायचं काम फक्त आमच्याकडं ठेवलंय. बंडप्पांनी ते काम मनावर घेतलं होतं. "एकदा घर बघून येतो, मग सांगतो," म्हणाले. माझी बायको गायत्री इराकडं गेलेली, त्यामुळं दाखवायला घरात मी आणि माझी आई, म्हणजे अव्वा, एवढाच ऐवज होता.

बंडप्पांनी हार्डवेअरचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं होतं, पण दुकान त्यांच्या हातातून गेलं नव्हतं. चहा होईपर्यंत त्यांनी दाराची कडी सरळ केली. जेवण वाढेपर्यंत भिंतीवरचं घड्याळ बरोबर लावलं, जे मी कॉलेजला उशीर होऊ नये म्हणून मुद्दाम पुढं ठेवलं होतं. सकाळी मी उठलो तेव्हा ते परसातल्या नळावर कोपरापर्यंत हात धूत होते.

"नळ गळत होता तुमचा," ते म्हणाले.

"हो, जरा गळतो."

"आता न्हाय गळत."

मी कॉलेजला गेलो. दुपारी परत आलो तर अव्वानं वाटाण्याची उसळ केली होती. येसराचा मसाला घातलेली, लालभडक, तर्रीदार. बंडप्पांनी तीनदा मागून घेतली. मीही भाकरी कुस्करून खाल्ली आणि रंगाची खास तारीफ केली. मग त्यांना बसस्टँडवर सोडलं. बसच्या खिडकीतून ते म्हणाले, "बोलतो घरी." होकार होता की निरोप होता, कळलं नाही.

घरी आलो, लुंगी नेसली, खुरपं घेतलं आणि पातेलं आणायला स्वयंपाकघरात गेलो. पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं.

"अव्वा, पातेल्यातले वाटाणे कुठं गेले?"

"कुठं जातेत? उसळीत."

"गुलाबी होते गं ते!"

"मला काय गुलाबी-पिवळं दिसतंय का? एका डोळ्याला मोतीबिंदू हाय. मऊ झाले का तेवढं बोटानं बघते म्या."

बियांचं पाकीट खिडकीत पडलं होतं. त्यावरच्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका मला आणल्या दिवशीच सापडल्या होत्या. मजकुराचा अर्थ आत्ता सापडला. बियाण्याला विषारी औषध चोळलेले आहे. माणसांनी किंवा जनावरांनी खाऊ नये. शेजारी कवटी काढली होती, आणि कवटीत काहीच चूक नव्हती.

अव्वाला स्कूटरवर मागं बसवून मी दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती विचारत होती, "कुणाला बरं न्हाय?" मी म्हणालो, "आपल्याला." "मला तर काय बी होईना," ती म्हणाली. मला मात्र होत होतं. पोटात कळ, जीभ जड, डोळ्यांसमोर पिवळं. हायवेवर एक ट्रक आडवा आला, तेव्हा विषाच्या आधी ट्रकच नेतो की काय, अशीही शंका येऊन गेली.

डॉक्टरीणबाई माझीच विद्यार्थिनी. बारावीला माझ्या तासाला मागच्या बाकावर बसून जीवशास्त्र वाचायची. बरं झालं.

तिनं पाकीट वाचलं, आमच्या डोळ्यांत बॅटरी मारली, रक्तदाब बघितला. "सर, किती खाल्ली उसळ?"

"दोन वाट्या."

"आजी?"

"त्यानं दोन म्हटल्यावर मला उरणार कुठून? थोडी खाल्ली."

"आत्ता तरी दोघं ठीक दिसताय. पण इथंच थांबायचं, मी बघत राहीन. अजून कोणी खाल्ली?"

मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो. अव्वा माझ्याकडं बघायला लागली.

"सर, अजून कोणी?"

"एक पाहुणे होते."

"मग त्यांना फोन करा. आत्ता. जवळच्या दवाखान्यात जायला सांगा."

मी बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलो. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलं. पण मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला तुम्हाला विष वाढलं हे कळवायचा मायना कुठल्याच पुस्तकात नव्हता. एकदा मनात आलं, त्यांना काही होणारही नाही. उगाच कशाला? ते घर बघायला आले होते. हे ऐकून त्यांना घर पूर्णच दिसेल. मग त्यांनी तिसऱ्यांदा पुढं केलेली वाटी आठवली आणि मी नंबर लावला.

फोनवर कानडी भजन वाजलं आणि थांबलं. पुन्हा लावला. पुन्हा भजन. माणूस बसमध्ये मान टाकून पडलाय आणि कंडक्टर त्याला हलवतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. तिसऱ्यांदा भजन मध्येच तुटलं.

"हां, बोला सर." आवाज जड होता.

"बंडप्पा, तुम्हाला बरं आहे ना?"

"झोप लागली होती. का?"

"पोटात? डोळ्यांसमोर अंधारी?"

"डोळे मिटले होते, म्हणून अंधारच होता. काय झालं?"

मग मी एका दमात सगळं सांगितलं. बी, औषध, ओटा, पातेलं, कवटी. म्हटलं, चूक माझी आहे, अव्वाची नाही. बस थांबवा, उतरा, दिसेल त्या दवाखान्यात जा. इराचं काय ते तुम्ही नंतर ठरवा, नाही म्हणालात तरी माझी तक्रार नाही.



"सर," बंडप्पा म्हणाले, "ते गुलाबी, खिडकीकडल्या पातेल्यातलं?"

"हो."

"ते तर म्या लावलं की."

"कुठं लावलं?"

"परसात. तुम्ही झोपला होता, मला बसून र्‍हावेना. पाकीट दिसलं, बी भिजलेलं दिसलं. म्हटलं, हाताला काम हाय. सगळं लावून टाकलं, पातेलं घासून पालथं घातलं."

"मग सांगितलं का नाही?"

"नळाचं सांगितलं, ह्येचं राहून गेलं."

मी उठलो, परत बसलो. पोटातली कळ कुठं गेली कळलं नाही. तिला बहुतेक फोन ऐकू आला असावा. आत जाऊन अव्वाला विचारलं, "उसळीचे वाटाणे कुणी भिजवले होते?"

"म्याच. दुसरं कोण भिजवतंय?"

"कुठल्या पातेल्यात?"

"मिक्सरजवळच्या. रोजच्याच."

"मग मघाशी सांगायचं नाही का?"

"तू इचारलं, पातेल्यातले वाटाणे कुठं गेले. माझ्या पातेल्यातले माझ्याच उसळीत जातेत का न्हाय? तुझं बी एक पातेलं हाय हे मला काय म्हाईत? जन्मात कधी ओट्याला हात लावला न्हायस, शरणू."

जन्मापासून त्या घरात राहतो. मिक्सरजवळ रोज रात्री काहीतरी भिजत असतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. उसळ मला ताटात आल्यावरच दिसायची.

डॉक्टरीणबाई हसू आवरत दाराशी उभी होती. "तरी पाकिटातलं बी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका, सर. आणि हे भिजवायचंही नसतं, औषध धुऊन जातं. पाकिटावर लिहिलंय."

फोन अजून चालूच होता. मी बाहेर बाकड्यावर येऊन तो कानाला लावला. "बंडप्पा, सुटलो आपण."

"म्या कुठं अडकलो होतो?" ते म्हणाले. मग म्हणाले, "सर, एक करा. आमच्या मंडळीला ह्यातलं काय बी सांगू नका. तिला आत्ता सांगितलं तर भिऊन जाईल. लग्नात सांगू, चारचौघांत."

"लग्नात?"

"मग कुठं?"

मी बाकड्यावर बसूनच राहिलो. अव्वा आतून ओरडली, "काय झालं न्हाय तर घरी चल की. मला भूक लागली."

बंडप्पांनी बी कोथिंबिरीच्या वाफ्यात लावलं होतं, तेही अशी मूठमूठ एका जागी, की उगवल्यावर रोपांना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकूनच उभं राहावं लागलं. कोथिंबीर खुडताना अव्वा बंडप्पांना शिव्या देई आणि रोपांची विरळणीही करी. वेल आधी बेलाच्या बुंध्यावर चढले, मग कपड्यांच्या दोरीवर. माझा एक बनियन त्यांनी कायमचा ठेवून घेतला.

येळवशीला बंडप्पा आपल्या मंडळींना आणि उत्कर्षला घेऊन आले. इरा आणि गायत्री पुण्याहून आल्या. परसात सतरंजी पडली. भज्जीत घरचे वाटाणे होते, मोजकेच, पण होते. अव्वानं पहिली वाटी भरून मानानं बंडप्पांपुढं ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, वास घेतला, आपल्या मंडळींकडं एकदा बघितलं आणि वाटी अलगद माझ्यापुढं सरकवली.

"आधी तुम्ही घ्या, सर."