न बोलता उचललेली काच

मिस्त्रीने काचेच्या खालच्या कडेला हात घातला, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं टाळलं आणि म्हणाला,

"हं, उचला."

समोरचा माणूस त्याचा सख्खा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला मिस्त्री अहोजाहो करत होता, कारण काल जेवताना तसंच ठरलं होतं. "दुकानात ओळख दाखवू नकोस," मिस्त्रीने ताटात बघत सांगितलं होतं. "भावोजी तर अजिबात म्हणू नकोस. नात्यातला माणूस घुसवतोय असं वाटतं लोकांना." मेहुण्याने मान डोलावली होती. बायकोने मात्र वाढायचा डाव जरा जोरातच भांड्यात टाकला. ती काही दुधखुळी नव्हती. नातं हे निमित्त, खरं कारण तिघांनाही ठाऊक होतं.

आधीच्या कारखान्यात हे दोघं जोडीने काच वाहायचे, आणि जोडीनेच त्यांनी गोदामातल्या अॅल्युमिनियमच्या चौकटी परस्पर विकल्या होत्या. कल्पना मिस्त्रीची, टेम्पोही त्यानेच ठरवलेला. मेहुणा भावोजींच्या शब्दाबाहेर नव्हता, एवढाच काय तो त्याचा वाटा. पकडले गेले तेही जोडीनेच. फरक पडला तो कोर्टात. दोषी दोघंही ठरले, पण मिस्त्रीचा पहिलाच गुन्हा, घरी बायको आणि लहान मुलगी, म्हणून त्याला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडून दिलं. मेहुण्याच्या नावावर विशीतल्या एका मारामारीची शिक्षा आधीच होती. त्या मारामारीचा चौकटींशी काडीचाही संबंध नव्हता. तरी न्यायाधीशांनी तीच वाचून दाखवली आणि 'सराईत' हा शब्द वापरला.

तो शब्द ऐकून मिस्त्रीला हायसं वाटलं होतं. लाज वाटावी अशीच गोष्ट, आणि वाटलीही, पण ती घरी पोचल्यावर. कोर्टात उभं राहून 'साहेब, यातला सराईत मी' असं म्हणायला त्याची जीभ काही उचलली नाही.

मेहुणा तुरुंगात गेला. मिस्त्रीने शहराच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवलं आणि या दुकानात कामाला लागला. मालकीणबाईंनी मागचं काही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आता मेहुणा सुटून आला होता आणि दारोदार हिंडून थकला होता. जिथे तिथे शेवटी 'आधी कुठे होतात?' हाच प्रश्न निघे आणि चहा अर्धा टाकून त्याला उठावं लागे. "तुम्हीच लावा ना त्याला कुठेतरी," बायको म्हणाली होती. 'तुम्हीच' या शब्दावर तिने दिलेला जोर मिस्त्रीला बरोब्बर लागला होता.

"बोलत चला हं," काउंटरमागून मालकीणबाईंनी बजावलं. "आमच्याकडे नियम आहे. पुढचा उलटा चालतो, त्याला दिसत नाही. पायरी आली की मागच्याने पायरी म्हणायचं, वळण आलं की वळण. मुकाट्याने काच नेली की कुणाचा तरी हात कापतो."

काच निघाली. मेहुणा उलट्या पावलांनी दारातून बाहेर पडला, घासायच्या यंत्राला वळसा घातला, अंगणातली पायरी उतरला. मिस्त्रीने काच किंचित कलती केली की त्याला पायरी कळत होती, जरा दाब दिला की वळण कळत होतं. झोपलेलं मूल मांडीवरून पाळण्यात जावं इतक्या सहज काच मागच्या मांडणीला टेकली. मग दोघांच्याही लक्षात आलं, की इथवर येताना कुणी तोंडातून ब्र काढला नव्हता.

मालकीणबाई मागोमाग अंगणात आल्या होत्या.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?"

"नाही, बाई. म्हणजे… कामातला माणूस आहे. जमतं."

"असं नाही जमत, मिस्त्री. आमचे हे आणि माझे दीर जन्मभर एकत्र काच उचलायचे, तरी शेवटपर्यंत एकमेकांवर ओरडायचे." त्या हसल्या, पण नजर हटवली नाही. "कुठे होतात दोघं? सांगा की."

त्या कारखान्याचं नाव निघालं की बाईंचा एक फोन पुरे होता. दोघांचंही सगळं बाहेर पडलं असतं.

मेहुण्याने सावकाश हातमोजे काढले.

"मी तुरुंगात होतो, बाई. तिथे शिकवतात काचकाम. काम करताना बोलायची बंदी असते, म्हणून तशीच सवय लागली. यांनी माझ्या हाताप्रमाणे घेतलं, म्हणून निभावलं."

तुरुंगात त्याने सतरंज्या विणल्या होत्या. काच तिथे खिडकीलासुद्धा नव्हती.

"कशात गेला होतात?" बाईंचा आवाज उतरला होता.

"चोरीत."

"एकटेच?"

मेहुणा हातमोज्यांची बोटं सरळ करत राहिला.

"एकटाच."

मिस्त्री तिथेच उभा होता, हाताच्या अंतरावर. बाईंनी पदराने कपाळ टिपलं.

"आमचं काम लोकांच्या घरात शिरून करायचं असतं हो. कपाटं उघडी असतात, म्हातारी माणसं एकटी असतात. या मिस्त्रींच्या भरवशावर मी निर्धास्त असते. आजवर कुणाकडचा चमचा हलला नाही." त्या मिस्त्रीकडे वळल्या. "तुम्हीच सांगा, काय करू? तुमच्या हाताखालीच राहायचाय."

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

"मग नकोच," बाई म्हणाल्या आणि मेहुण्याकडे वळल्या. "वाईट वाटून घेऊ नका."

फाटकापर्यंत मिस्त्री सोबत गेला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून पुटपुटला,

"कशाला बोललास ते? तुरुंगाचं कुणी विचारलं होतं तुला?"

"तुमची नोकरी जाण्यापेक्षा माझी न लागलेली बरी, भावोजी. मुलीची शाळा आहे." मेहुणा हसला, तेही अगदी खरं हसला, त्याचंच मिस्त्रीला सोसेना. "ताईला सांगा, जागा आधीच भरली होती. आणि नीट सांगा. खोटं बोलताना तुम्हाला फार घाम येतो."

तो रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन उभा राहिला.

मिस्त्री आत आला तेव्हा बाई दर्शनी काच पुसत होत्या. बराच वेळ एकाच जागी फडकं फिरत होतं.

"माझं मन खातंय हो," त्या म्हणाल्या. "माणूस खरा होता. आपणहून सांगितलं त्याने, नाहीतर मला काय कळणार होतं? त्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी एक जरी असतं ना, तर ठेवला असता मी."

समोर, रस्त्यापलीकडे, मेहुणा अजून उभाच होता. बस आली नव्हती.

"बाई," मिस्त्री म्हणाला.

"बोला ना."

बाईंनी फडकं खाली ठेवलं आणि त्या त्याच्याकडे बघत थांबल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"उद्याच्या आरशांच्या कडा घासायच्या राहिल्यात," तो म्हणाला, आणि यंत्र सुरू करायला गेला.